फॉर्मवरचा नववा प्रश्न

५ जाने., सोम.

थंडीची सुट्टी संपली, डॉक्टरबाईंचं मुलांचं केंद्र आज उघडलं. धुकं इतकं की गल्लीच्या तोंडाशी उभं राहून पाटी दिसत नव्हती. सहा मुलं आली. पाच जुनी, एक नवी.

नवी म्हणजे गार्गी, सहा वर्षांची. रामघाटावरच्या आमच्या शालूवहिनींची नात. आई अमृता, पुण्याची. लग्नानंतर ती आणि श्रीधर तिकडेच होते. सासरे गेले तेव्हा श्रीधर आईजवळ परत आला, आता इथे वेदपाठशाळेत शिकवतो. गार्गी तेव्हा वर्षाची. तिला शाळेने आमच्याकडे पाठवलंय. वर्गात एका मुलीला चावली, तास चालू असताना दोनदा बाहेर पळाली, रांगेत उभी राहत नाही. डोळे मात्र फार हुशार.

डॉक्टरबाईंकडे आत पाठवण्याआधी फॉर्म मी भरते. एकवीस प्रश्न. अमृता प्रत्येक उत्तर आठवून देत होती. कधी बसायला लागली, कधी चालली, झोप कशी. नववा प्रश्न आला : गरोदरपणात आईने तंबाखू, विडी, सिगरेट... माझं वाक्य पुरं व्हायच्या आत "नाही."

आणि लगेच गार्गीच्या स्वेटरची बटणं लावायला वाकली. बटणं लावलेलीच होती.

मी 'नाही' लिहिलं. पण.

६ जाने., मंगळ.

गार्गीला पेढ्याचा खेळ दिला. ताटलीत एक पेढा ठेवायचा, खोलीत एकटं बसायचं. घंटा वाजेपर्यंत थांबलं तर दोन मिळणार. मी दाराच्या काचेतून बघते.

आधी हातांवर बसली. मग खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली. मला वाटलं, ही जिंकणार. मग उठली, पेढा अर्धा खाल्ला आणि खाल्लेली बाजू खाली करून परत ठेवला. मी आत गेले तर, इथल्या पोरांसारखं हिंदीत, "मैंने नहीं खाया." ओठावर कण. वर, "दूसरा कब दोगी?"

हसू आलं. पण घरी येताना सारखं तेच डोक्यात. घंटेआधी खाणारी मुलगी, आणि प्रश्न संपायच्या आधी उत्तर देणारी आई.

फॉर्मवर प्र. ९ पुढे पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढलं आहे. मिटवता येईल असं.

९ जाने., शुक्र.

गार्गी आत असताना अमृता म्हणाली, "मावशी, जरा जाऊन येते." दहा मिनिटांनी आली. तोंडात बडीशेप. शालीला धुराचा वास.

आता गल्लीत चहावाल्याने कौडा म्हणजे शेकोटी पेटवलेली असते, सगळे तिथे हात शेकतात. त्या धुराचा वास कोणाच्याही शालीला येईल. म्हणून दुपारी मी मुद्दाम जाऊन कौड्याजवळ पाच मिनिटं उभी राहिले. परत येऊन स्वतःच्या शालीचा वास घेतला. वेगळा वाटला. नंतर वाटलं, तसाच आहे.

बावन्न वर्षांच्या बाईने हे काय चालवलं आहे.

११ जाने., रवि.

ह्यांना जेवताना सांगितलं, नाव न घेता. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तुझं काम फॉर्म भरायचं. तुझं नाक पोलिसांत असायला हवं होतं."

मला राग आला. म्हटलं, नितीन पोटात होता तेव्हा तुम्ही दार-खिडकी लावून, रजई घेऊन सबंध थंडी सिगरेटी ओढल्यात. मी तिथेच झोपलेली असायचे. माझा फॉर्म कोणी भरला नाही म्हणून, नाहीतर तिथेही 'हो' आलं असतं.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे नितीनने तीन नोकऱ्या सोडल्या त्या माझ्यामुळे, असं म्हणायचंय तुला?"

तसं म्हणायचं नव्हतं. ह्यांनी सिगरेट सोडली त्यालाही पंधरा वर्षं होतील. दुसरी पोळी घेतली नाही, उठले.

संध्याकाळी नितीनचा फोन आला. साहेबाशी पुन्हा वाजलं म्हणत होता. एरवी मी समजूत घातली असती. आज नुसती ऐकत राहिले, तडा आहे का म्हणून बरणी टिचकी मारून ऐकावी तशी.

१४ जाने., बुध.

संक्रांत. गुळाच्या पोळ्या, दोन करपल्या. शालूवहिनींचा फोन, शनिवारी हळदीकुंकू आहे, ये. "गार्गीजवळ तू असतेस नीला, म्हणून मला घोर नाही."

बरं वाटलं ऐकून. आणि नाहीही.

१७ जाने., शनि.

आधी लिहून टाकते. बोलायला नको होतं.

रामघाटाला पोचले तेव्हा पंधरा-वीस बायका होत्या. अमृता हळदकुंकू लावत होती, छान दिसत होती, कोणाचं नाव विसरत नव्हती. गार्गीने तिळगुळाच्या डब्यात हात घालून मूठ भरली आणि दोन बायकांच्या मधून पळाली. डबा कलंडला. कोणी काही बोललं नाही, तेच वाईट. शालूवहिनींचा चेहरा उतरला.

मला स्वयंपाकघरात नेलं. दार लोटलं. "नीला, खरं सांग. आमच्या घराण्यात असं कोणी नाही. श्रीधर या वयात दोन-दोन तास मांडी घालून संथा म्हणायचा. हे आलं कुठून? माझं काही चुकतंय का गं? मी लाड केले का?"

त्या रडवेल्या झाल्या होत्या. मला त्यांची दया आली, हे खरं. पण दयेने बोलले नाही मी. गेले बारा दिवस एक गोष्ट तोंडात धरून होते, ती बाहेर पडायला जागा बघत होती.

म्हटलं, "तुमचं काही नाही वहिनी. कधीकधी गरोदरपणातलं असतं. आईने सिगरेट वगैरे ओढली असेल तर. अमृताला विचारून बघा एकदा."

"सिगरेट?"

"मी आपलं असंच म्हणते."

असंच म्हणत नव्हते. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. बघितला.

वाणात स्टीलची वाटी मिळाली. निघताना अमृता म्हणाली, "मावशी, सोमवारी भेटू."

१९ जाने., सोम.

आल्या नाहीत. फोन नाही. मीही केला नाही. रजिस्टरमध्ये 'गैरहजर' लिहिलं.

२० जाने., मंगळ.

डॉक्टरबाईंनी दुपारी आत बोलावलं. दार लावून घेतलं, तेव्हाच समजले.

शालूवहिनींनी सकाळी केंद्रात फोन केला होता. सुनेने फॉर्मवर काय काय सांगितलंय ते बघायला मिळेल का म्हणून. "त्यांना शंका कुठून आली, नीलाजी?"

मी सांगून टाकलं सगळं. पेन्सिलीचं प्रश्नचिन्हसुद्धा.

बाईंनी फॉर्म काढून ते प्रश्नचिन्ह बघितलं. मग म्हणाल्या, अमृताने पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं. आत, दार लावून, स्वतःहून. चौथ्या महिन्यापर्यंत ओढत होती. बाईंनी विचारलं, मग बाहेर 'नाही' का सांगितलंत? तर म्हणाली, "फॉर्म भरणाऱ्या मावशी माझ्या सासूबाईंना ओळखतात."

बाईंनी हे हिंदीत सांगितलं. मला मराठीतच ऐकू आलं, तिच्या आवाजात.

मी विचारलं, म्हणजे गार्गीचं कारण तेच ना? (तेव्हाही मला हेच विचारावंसं वाटलं.) बाई म्हणाल्या, पोटात असताना तंबाखूचा धूर बाळाला वाईटच, त्यात वाद नाही. अशा मुलांना पुढे स्वतःला आवरणं जड जातं, असंही पुष्कळदा दिसतं. पण ह्याच मुलीचं हेच कारण, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. बाप लहानपणी कसा होता ते आपल्याला आजी सांगते तेवढंच माहीत. झोप आहे, बदललेलं गाव आहे, घरातलं वातावरण आहे. "वो बच्ची यहाँ रुकना सीखने आती है. मुकदमा लड़ने नहीं."

२२ जाने., गुरु.

फॉर्म आता केंद्रात काम करणारी दुसरी मुलगी भरेल. माझ्याकडे खेळणी, रजिस्टर, चहा. काढून टाकलं नाही. टाकलं असतं तर मला बोलायला काही उरलं नसतं.

ह्यांना सांगितलं. वाटलं, म्हणतील, मी म्हटलंच होतं. त्यांनी उठून चहा करून दिला.

२४ जाने., शनि.

रामघाटाच्या पायऱ्यांवर अमृता भेटली. भेटली म्हणजे, शाळा सुटल्यावर ती गार्गीला तिथे उन्हात आणते हे मला माहीत होतं. बारापासून बसून होते.

पाहून थबकली. मग दोन पायऱ्या सोडून बसली.

मी माफी मागितली. नंतर म्हटलं, मी शालूवहिनींना जाऊन सांगते, माझी चूक झाली, दुसऱ्या बाईच्या फॉर्मशी घोटाळा झाला.

"आता काय उपयोग? बायका गेल्यावर त्यांनी श्रीधरसमोर विचारलं. मी हो म्हटलं."

"नाही म्हणायचं होतंस गं."

"तुम्हाला म्हटलं होतं की नाही. तुम्हाला पटलं?"

मी शालीचं टोक आत खोचलं.

मग तिनेच सांगितलं, नदीकडे बघत. पुण्यात रात्रपाळीची नोकरी होती. पहाटे तीनला सगळे खाली ओढायला जायचे, ही पण. दिवस गेलेत हे कळलं तेव्हाच सोडायचं ठरवलं. चौथ्या महिन्यापर्यंत जमलं नाही. रोज शेवटची म्हणून ओढायची. श्रीधर तेव्हा सकाळी लवकर शिकवण्यांना जायचा, ही आली की तो निघालेला, त्याला पत्ता नव्हता. "शेवटी सुटली मावशी. पण सोडली हे कोणाला सांगता येईना. धरली होती हेच माहीत नव्हतं ना कोणाला."

आणि मी, इतकं ऐकून, काय विचारलं? "आणि आता? त्या दिवशी शालीला..."

पुढचं गिळलं. उशीर झाला होता.

ती माझ्याकडे बघून हसली. वाईट हसू नव्हतं ते. दमलेलं होतं. "बघा. तुम्हालाही आवरत नाही."

उत्तर मात्र दिलं नाही.

गार्गी पायऱ्यांवरून उड्या मारत खाली चालली होती, पार पाण्याकडे. अमृता ओरडली, "गार्गी, थांब!" ती थांबली नाही. शेवटच्या दोन पायऱ्यांवर एका नाववाल्याने दंडाला धरून अडवली. वर आणली तर धापा टाकत, अगदी सहज सांगितल्यासारखी म्हणाली, "मैं नहीं रुक सकती. मेरे अंदर धुआँ है ना. दादी बोलीं."

अमृताने तिच्या पायाची वाळू झटकली. दोन्ही पाय झटकले, परत पहिला झटकला.

२५ जाने., रवि.

रथसप्तमी. हळदीकुंकवाची दोन बोलावणी होती. गेले नाही.

मेरे अंदर धुआँ है. सहा वर्षांच्या पोरीने हे तिच्या आजीकडून घेतलं. आजीने माझ्याकडून.

२८ जाने., बुध.

शालूवहिनींचा फोन. पाऊण तास. काल गार्गीने कप फोडला, परवा गृहपाठाची वही फाडली, सगळं तारखेवार पाठ. "सगळं त्या सिगरेटीचं. बिचारीचा काय दोष. आईने करून ठेवलं." अमृताला देवघरात पाणी भरू देत नाहीत. नातीला स्वतःजवळ घेऊन झोपतात.

मी म्हटलं, वहिनी, डॉक्टरबाई म्हणतात तसं ठामपणे सांगता येत नाही. मुलीसमोर धूर-बीर म्हणू नका, तिला वाटतं आपण सुधारणारच नाही.

"ते खरं. पण नीला, मला सांग, ती अजून ओढत असेल का गं? दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते, तिथे फार वेळ लावते. तू ओळखतेस. एकदा येऊन बघ ना."

अगदी माझंच बोलणं. शब्दसुद्धा. मी त्यांना सांगायला हवं होतं, की वहिनी, मी काहीही ओळखत नाही. सांगितलं, बघते.

बघते का म्हणाले?

२ फेब्रु., सोम.

श्रीधर आला होता. हे बाहेर गेले होते. दारातच उभा, आत ये म्हटलं तर खुर्चीच्या कडेवर बसला. हा मुलगा मी शेंडीला तेल लावून पाठशाळेत जाताना पाहिलेला. आता कानावरचे केस पांढरे झालेत.

"मावशी, तुम्ही ओळखलंत कसं?"

"तिने उत्तर लवकर दिलं म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याला काहीतरी मोठं हवं होतं. पुरावा. माझ्याकडे तो कधीच नव्हता, हे मलाही ह्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं.

म्हणाला, "आम्ही एका खोलीत राहत होतो. स्वयंपाकघर, पलंग, सगळं तेवढ्यात. मला वास आला नाही. मग आणखी काय काय मला कळलं नसेल? सिगरेटचं मी सोडून देईन, मावशी. पण आता ती पटकन बोलली तरी मला वाटतं, थांबून बोलली तरी वाटतं." मग खाली बघून, "तिचं आणखी काही तुमच्या कानावर असेल तर सांगा."

"नाही."

वाक्य संपायच्या आत नाही म्हटलं मी. त्याने वर पाहिलं. मला कळलं तो काय बघतोय.

म्हटलं, श्रीधर, खरंच नाही रे. तिच्याशी बोल. मला विचारू नकोस, आईला विचारू नकोस.

गूळपाणी दिलं, पाणी तेवढं प्यायला. जाताना चप्पल घालून परत वळला. "मी आलो होतो हे अमृताला कळू देऊ नका. तिला वाटेल मी तिच्या मागावर आहे."

शब्द दिला. दुसरं काय करणार.

५ फेब्रु., गुरु.

आली! दोघी आल्या. सतरा दिवसांच्या गैरहजेरीनंतर. रजिस्टरात 'हजर' लिहिलं.

गार्गीने ठोकळ्यांचा डबा जमिनीवर ओतला, एक मुलगा आडवा आला तर त्याला ढकलायला हात उचलला. आणि हात तसाच वर राहिला. बाईंनी शिकवलं आहे, हात उचलला की आधी पाचपर्यंत मोजायचं. तिने चारपर्यंत मोजलं आणि ढकललं. बाई म्हणाल्या, चार म्हणजे पुष्कळ झालं. पहिल्या दिवशी एकपण नव्हता.

गार्गी म्हणाली, "धुआँ थोड़ा निकल गया क्या?" बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. धुआँ था ही नहीं, म्हणाल्या. कोणाच्या आत धूर राहत नाही. हे तिला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा गार्गीने तोंड उघडून दाखवलं, बघा म्हणून. बाईंनी खरंच आत बघितलं. "साफ है."

अमृता बाकावर बसली होती. माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, पाणी मिळेल?"

पाणी दिलं. मार्चमध्ये भावाकडे नागपूरला जायचा विचार आहे, म्हणाली. गार्गीला घेऊन. किती दिवस, ते बोलली नाही. मी विचारलं नाही. विचारलं नाही!

७ फेब्रु., शनि.

सकाळी साडेदहाला अमृताचा फोन. तिने मला स्वतःहून फोन केल्याची ही पहिलीच वेळ. आधी इकडचं तिकडचं, गार्गीला खोकला झालाय, सोमवारी येतील की नाही माहीत नाही. मग आवाज बदलला.

"मावशी, एक विचारते. खरं सांगा. श्रीधर सोमवारी तुमच्याकडे आला होता का? पाठशाळेतून लवकर निघाला आणि घरी उशिरा आला. कुठे होतास विचारलं तर म्हणाला, कुठे नाही. इतक्या पटकन म्हणाला."

हो म्हणावं तर त्याला दिलेला शब्द गेला, आणि तो तिच्या मागावर आहे हेच तिला वाटणार. नाही म्हणावं तर तिच्याशी खोटं. तेसुद्धा मी, तिच्याशी. आणि माझं 'नाही' तिला कळणार नाही असं थोडंच आहे.

"मावशी?"

म्हटलं, "अमृता, कुकर लावलाय गं. शिट्टी होईल. मग करते फोन."

"करा नक्की. मी थांबते." असं म्हणाली.

कुकर लावलेला नव्हता. मग लावला, डाळ-तांदूळ निवडून, सावकाश. शिट्ट्या झाल्या. हे जेवून झोपले. कपडे वाळले, घड्या घातल्या. आता चार वाजायला आलेत. फोन समोर आहे.